नवऱ्याचं माप

३ तारीख, मंगळवार

ही वही गिऱ्हाइकांची मापं लिहायला आणली होती. आजपासून हिच्यात नवऱ्याचं माप लिहिणार आहे. छाती-कंबर नव्हे, ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. डोक्यात काय चाललंय त्याचं.

झालं असं की सकाळी शर्ट धुवायला टाकताना खिसा चाचपला. खिसे चाचपणं माझ्या अंगवळणी पडलंय. दुरुस्तीला आलेल्या कपड्यांतून आजवर चाव्या, चिठ्ठ्या, एकदा तर खोटा दात निघालाय. आज यांच्या खिशातून ऑफिसचं पत्र निघालं. नवरा पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढतो. पत्रात लिहिलं होतं की लांबच्या धरणावरच्या केंद्रात एक वर्षासाठी जाण्याचा आपण स्वेच्छेने केलेला अर्ज मंजूर झाला आहे, तरी येत्या तीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत होकार किंवा नकार लेखी कळवावा.

'स्वेच्छेने' हा शब्द मी तीनदा वाचला. या माणसाने आजवर स्वेच्छेने केससुद्धा कापलेले नाहीत, मी ढकलून पाठवते तेव्हा जातो.

पत्राची होती तशी घडी करून खिशात ठेवली आणि शर्ट न धुताच खुंटीला अडकवला. संध्याकाळी वाट बघितली, काही बोलतात का. बोलले. 'भाजी छान झालीये' म्हणाले आणि पेपर उघडला.

कारण उघड आहे. सात महिन्यांपूर्वी यांची आई गेली. पुरुषांना धड रडता येत नाही, मग ते धरणावर जातात. पण उसवलेली शिवण वेळेवर टाचली नाही तर अख्खी बाही हातात येते, हे मी रोज बघते. तेव्हा तीस तारखेच्या आत कोणी जाणता माणूस गाठायचा आणि यांना सरळ करून घ्यायचं. यांना पत्ता लागू न देता. यांच्याशिवाय वर्षभर या घरात मी काय करणार, हा विचार मनात आला होता, पण तेव्हा दळण आलं, राहून गेला.

५ तारीख, गुरुवार

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी असते, शिकलेली आहे, तिला शब्द माहीत असतात. तिने सांगितलं, 'समुपदेशक' शोध, तुझ्या जवळपास असतील. मग विचारलं, आई, तू कशी आहेस? म्हटलं मला काय धाड भरलीय. मग म्हणते, तू आजीसाठी रडलीस का गं? मी फोन ठेवला. रेंज गेली असं तिला नंतर कळवलं.

मी का रडू? सासूबाई आणि मी सव्वीस वर्षं एका घरात काढली, त्यातली साडेपंचवीस भांडण्यात. उरलेलं अर्धं वर्ष म्हणजे मी माहेरी किंवा त्या झोपलेल्या. सकाळी डोळे उघडले की सुरू. 'चहा करतेस की पाणी रंगवतेस?' दुपारी, 'टॉवेल वाळत घातलाय की फेकलाय?' जेवताना, 'मीठ घालायला हात आखडतो, तुझ्या माहेरून येतं का?' खिडकीपाशी त्यांची खुर्ची. तिथून त्यांना रस्ता, माझं मशीन आणि स्वयंपाकघराचं दार, तिन्ही दिसायची. माझा कात्रीचा आवाज ऐकून म्हणायच्या, चुकलं बघ. आणि चुकलेलं असायचं, हा त्यातला सगळ्यात संतापाचा भाग.

त्यांचे सगळे गाऊन मी शिवायचे. अंगाने बुटक्या, रुंद, आणि उजवा खांदा अर्धा इंच उतरता. सव्वीस वर्षं मी तो खांदा शिवणीत लपवला आणि त्यांनी एकदाही तो उतरता असल्याचं कबूल केलं नाही. म्हणायच्या, तुझा डोळा तिरका आहे.

त्या गेल्या त्या दिवशी शेजारी म्हणाले, सून खंबीर आहे. खंबीर कसली, कामं होती. चाळीस माणसांचा चहा काय आपोआप होतो?

७ तारीख, शनिवार

आमच्या डॉक्टरांकडे गुडघ्याचं निमित्त करून गेले. म्हटलं, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्या नवऱ्याचं जरा बिनसलंय, कोणी समुपदेशक आहे का? डॉक्टरांनी मान वर न करता तीन नावं लिहून दिली आणि विचारलं, मागच्या वेळी डावा गुडघा दुखत होता ना? मी उजवा दाखवत होते. म्हटलं, दोन्ही दुखतात, आळीपाळीने.

पहिलं नाव मोठ्या केंद्राचं, तिथूनच परस्पर गेले. काचेचं दार, माशांची टाकी, टेबलामागे एक तरतरीत मुलगी. तिने फॉर्म दिला. त्यात रुग्णाचं नाव. मी नवऱ्याचं लिहिलं. मुलगी म्हणाली, त्यांना स्वतःला यावं लागेल. मी समजावून सांगितलं की माझ्या धंद्यात लोक मापाला जुना शर्ट धाडतात, त्यावरून नवा बेततो, माणसाचं काही अडत नाही. तुम्ही विचाराल ते मी सांगते, मला त्यांचं सगळं माहीत आहे. ती गोड हसली आणि म्हणाली, इथे शर्टावरून होत नाही. शिवाय पहिली रिकामी वेळ दोन महिन्यांनी. तोवर नवरा धरणावर पोहोचून तिथल्या माशांना नावं ठेवून मोकळा होईल.

९ तारीख, सोमवार

दुसरं नाव फोनवर बोलणाऱ्याचं. चेहरा दिसतो, आपलाही त्याला दिसतो. पोरगेलासा होता, आवाज लोण्यासारखा. म्हणाला, आधी आपण शांतपणे श्वास घेऊ या. त्रेपन्न वर्षं मी दुसरं काय करतेय? पण घेतला. मग म्हणाला, डोळे मिटा. मिटले नाहीत, कारण त्याच्या कॉलरचं डावं टोक उजव्यापेक्षा बोटभर लांब होतं आणि मला तिथून नजर काढता येईना. त्याने विचारलं, आत्ता तुम्हाला काय जाणवतंय? मी खरं तेच सांगितलं. त्याने कॉलर चाचपली. उरलेली दहा मिनिटं आम्ही कॉलर घरच्या घरी कशी दुरुस्त करायची ते बोललो. पोरगा गुणी होता, वहीत लिहून घेत होता. पण ज्याला आरशातली कॉलर दिसत नाही त्याला नवऱ्याचं मन काय दिसणार?

१० तारीख, मंगळवार

तिसरं नाव लागू पडलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. बाई साठीच्या, केस पांढरे, अंगात विटका निळा शर्ट, पण शिवण सरळ. खिडकीचे पडदे मात्र हातभर आखूड, गुडघ्यावर धोतर खोचल्यासारखे. बसल्या बसल्या त्यांना मी सगळं सांगितलं. पत्र, आईचं जाणं, धरण. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मी थांबले तरी बोलल्या नाहीत, म्हणून मग मी आणखी सांगितलं. यांचं नाव मी 'ऐकणाऱ्या बाई' ठेवलंय.

शेवटी म्हणाल्या, जो माणूस समोर नाही त्याला मी बरं करू शकत नाही. पण त्यांच्या जाण्याने तुम्हाला त्रास होत असेल तर त्याबद्दल आपण बोलू. मी लगेच हो म्हटलं. सुईपुरती जागा मिळाली, आता मागून दोरा आपोआप येईल. बाईंना वाटतंय त्या माझ्याशी बोलतायत, प्रत्यक्षात काम नवऱ्याचं होणार. इतक्या शिकलेल्या बाईला गुंडाळल्याचं जरा वाईट वाटलं.

आठवडाभराचा अभ्यास दिलाय. घरात नवरा काय म्हणतो आणि मी काय म्हणते, दोन्ही लिहून आणायचं. म्हणाल्या, दोन्ही बाजू लिहा, कापड उलटसुलट बघता तसं. धंद्यातलं बोलल्या म्हणून मला बरं वाटलं.

नवऱ्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. त्यांनी विचारलं, कोणता दात? गुडघ्याची चूक परत नको म्हणून म्हटलं, सगळेच.

११ तारीख, बुधवार

औषधाच्या दुकानातल्या बाईंचा पांढरा कोट परत आला. बाह्या आखूड, अंगात ढगळ आणि उजवा खांदा ओघळतो म्हणाल्या. बाई ताडमाड उंच, खांदे कसे आडव्या दांडीसारखे. मी टेप लावून बघितली तर खरंच चुकलं होतं. टेप जुनी झाली की ताणते, दुसरं काही नाही.

आता अभ्यास. सकाळी नवरा म्हणाला, 'चहा दे ना गं.' मी दिला. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, उद्याचा चहा मीच करतो. डोकं ठिकाणावर नसल्याची हीच लक्षणं.

१२ तारीख, गुरुवार

त्यांनी चहा केला. मी म्हटलं, 'चहा करता की पाणी रंगवता?' माझं मलाच हसू आलं, इतकं फर्मास सुचलं. नवरा हसला नाही. कपाकडे बघत बसला. पूर्वी विनोदाची समज होती हो या माणसाला.

१४ तारीख, शनिवार

मशीनपाशी उजेड कमी पडतो म्हणून महिन्याभरापासून हातशिलाईला खिडकीपाशी बसते. खुर्ची तिथे रिकामीच होती. तिथून रस्ता, मशीन आणि स्वयंपाकघराचं दार, सगळ्यावर लक्ष राहतं. आज नवरा दारातून आत आला, मला बघितलं आणि चक्क दचकला. मी विचारलं काय झालं. म्हणाले, काही नाही. आत गेले, आंघोळ करून आले, टॉवेल दोरीवर टाकला. मी म्हटलं, 'टॉवेल वाळत घातलाय की फेकलाय?' ते टॉवेल सरळ करून फिरायला निघून गेले. दोन तासांनी आले.

लिहून ठेवलंय: दचकणे, बोलणे टाळणे, निष्कारण फिरायला जाणे.

१५ तारीख, रविवार

आज कहर. न्याहारी झाल्यावर यांनी आईचं कपाट उघडलं आणि म्हणाले, कपडे आवरू या का, कोणाला तरी उपयोगी पडतील. सात महिने झाले तरी माणसाला आईचं जाणं पचलेलं नाही, म्हणूनच ते कपाट डोळ्यांसमोर नकोसं झालंय, नाही का? मी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या सुयांच्या डब्यात टाकली. म्हटलं, या घरात मी जिवंत असेतो कोणी कशाला हात लावायचा नाही. त्यांनी विचारलं, 'तुला ते कपडे हवेत का?' मी म्हटलं, 'मला कशाला हवेत, मला काय त्यांचं प्रेम उतू चाललंय?' पण बोलताना आवाज जरा चढला. शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

नवऱ्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. पत्र अजून तिथेच आहे.

१७ तारीख, मंगळवार

ऐकणाऱ्या बाईंनी अख्खा अभ्यास वाचला. वाचताना दोनदा चष्मा पुसला. मग विचारलं, ही तुमची वाक्यं तुमचीच का? म्हटलं मग कोणाची असणार, मी कुठे लेखनिक ठेवलाय? त्या म्हणाल्या, तसं नाही. बरं, ते पत्र तुमच्या सासूबाईंच्या हाती लागलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या?

हे काय विचारायला हवं? मी लगेच सांगितलं. पदर खोचल्यासारखी पुढे सरकून बसले आणि त्यांचाच आवाज लागला. 'धरणावर निघालाय? घरातला नळ सात वर्षं गळतोय तो दिसला नाही, धरण बघायचंय याला. आणि तू गं, तू काय बघत बसलीयेस, नवरा निघाला तरी तुझं आपलं काजं-बटण.' पंधरा मिनिटं मी बोलत होते. बाई हसून हसून बेजार. मीही हसले. सात महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर बाईंनी हळूच विचारलं, 'त्यांची आठवण येते का तुम्हाला?'

मी म्हटलं, कसली आठवण, कटकट गेली. वेळ संपायला दहा मिनिटं होती तरी उठून आले. जिन्यात चप्पल तुटली, शिवायला टाकली. कामं काय थोडी असतात?

१८ तारीख, बुधवार

मुख्याध्यापिकेचा शर्ट परत. बाह्या आखूड, उजवा खांदा खाली. नवी टेप घेतली.

२१ तारीख, शनिवार

टपाल कचेरीतल्या बाईचा गाऊन परत आला. नव्या टेपने मापला होता. तीच तक्रार.

दुपारी दार लावून घेतलं आणि कोट, शर्ट, गाऊन, तिन्ही टेबलावर एकावर एक पसरले. खांद्याला खांदा, काखेला काख. तंतोतंत. तीन उंच-सडपातळ बायकांचे कपडे एकाच बुटक्या, रुंद बाईच्या अंगाचे झालेत. अशी बाई माझ्या गिऱ्हाइकांत नाही. बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिले. काहीतरी सुचत होतं, तेवढ्यात दूध उतू गेलं.

नऊ दिवस राहिलेत. आडवळणाने विचारून बघितलं, म्हटलं, ऑफिसात काय नवीन? म्हणाले, विशेष काही नाही. सव्वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला मला आठवत नाही. हे जातील. खरंच जातील. आता यांना बाईंसमोर बसवल्याशिवाय इलाज नाही.

२३ तारीख, सोमवार

बाईंना फोन करून उद्याची वेळ घेतली, नवऱ्याला घेऊन येते म्हटलं. त्या म्हणाल्या, त्यांना कुठे आणताय ते खरं सांगून आणा. मी म्हटलं, अर्थात.

नवऱ्याला सांगितलं की सायकलवाल्याच्या वर एका बाईंच्या पडद्यांचं काम मिळालंय, खिडकी उंच आहे, शिडी धरायला चला. लगेच हो म्हणाले. भोळा माणूस आहे. म्हणून तर काळजी वाटते.

२४ तारीख, मंगळवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

यांनी घरातली शिडी खांद्यावर घेतली, दोन रस्ते ओलांडून आणली, जिन्यातून वर चढवली. दारावर पाटी आहे, चांगली वीतभर अक्षरं. ती त्यांनी वाचली, माझ्याकडे बघितलं, शिडी भिंतीला टेकवली आणि चपला काढून आत गेले. बाईंनी शिडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं.

बाईंनी त्यांना स्पष्ट विचारलं, तुम्हाला इथे बसायचंय का? नको असेल तर जाऊ शकता. नवरा म्हणाला, 'पडदे मापायला मी कशाला, हे मला खालीच कळलं होतं. तरी आलो.' मग माझी परवानगी घेऊन बाईंनी पत्राचं विचारलं. त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, पहिल्याच दिवशी कळलं होतं हिने वाचलंय ते. खिसा तपासला, शर्ट धुतला नाही आणि खुंटीला लावला, असं आजवर झालेलं नाही.

म्हणजे एकवीस दिवस आम्ही दोघं त्याच खिशाभोवती फिरत होतो.

बाईंनी विचारलं, का जायचंय? त्यांनी पत्राची घडी उलगडली आणि परत घातली. मला वाटलं, आता आईबद्दल बोलतील, रडतील, मोकळे होतील आणि आपण घरी जाऊ. मी हातरुमालही काढून ठेवला होता, त्यांच्यासाठी.

ते म्हणाले, 'आई गेली तेव्हा मला वाईट वाटलं. खूप. मी रडलोही, ऑफिसात, नकाशांच्या खोलीत. पण बाई, आई गेलीच नाही. खिडकीत बसते. टॉवेलवरून बोलते. मी चहा केला की तेच म्हणते, शब्दही तेच. कपाटाला हात लावू देत नाही. माझी आई घरातच आहे. बायको गेली. सात महिने मी तिची वाट बघतोय, आता नाही बघवत.'

खाली सायकलची घंटी कोणीतरी वाजवून बघत होतं. मला आधी राग आला. म्हणावंसं वाटलं, माझ्यावर काय ढकलता, आणि ते म्हणायला तोंड उघडलं तर 'या घरात माझं ऐकतं कोण' असं निघणार होतं. ते कोणाचं वाक्य आहे हे मला तोंड उघडं असतानाच कळलं. मिटलं.

हातांना काही काम हवं म्हणून मी उठून पडद्याचं माप घेतलं. तीनदा घेतलं, तीन आकडे आले. दोघांपैकी कोणीही हसलं नाही, त्याचंच वाईट वाटलं.

घरी येताना शिडीचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. मध्ये शिडी असली की बोलावं लागत नाही.

२५ तारीख, बुधवार

आज गिऱ्हाइकं घेतली नाहीत. तिन्ही कपड्यांचे उजवे खांदे उसवत बसले.

बेचाळीस छाती, साडेसोळा बाही, उजवा खांदा अर्धा इंच खाली. हे माप माझ्या वहीत कुठेच नाही, कारण ते लिहून ठेवायची कधी गरजच पडली नाही. डोकं जागेवर नसताना हात चालतो तो त्याच मापाने चालतो. सात महिने मी गावातल्या एकेका बाईला धरून त्यांचे कपडे शिवतेय.

आणि आकसाने नव्हे. आकसाने शिवलेल्या कपड्याला एवढी सफाई येत नाही.

२७ तारीख, शुक्रवार

ऐकणाऱ्या बाईंकडे आज माझं नाव सांगून गेले. वही नेली नाही. नवऱ्याची एकही गोष्ट नेली नाही, त्यामुळे पहिली पाच मिनिटं बोलायलाच काही नव्हतं. मग सुरू झालं.

मी सांगितलं की भांडायला समोर माणूस लागतं. सासूबाई म्हणजे सव्वीस वर्षांच्या रोजच्या जोडीदार. नवरा कामावर जायचा, मुलगी शाळेत, आणि मग घरात आम्ही दोघी. माझी कात्री चुकली की ओळखणारं जगात एकच माणूस होतं. त्या गेल्या आणि घर असं काही गप्प झालं की ते मला सोसेना, म्हणून त्यांची बाजूही मीच बोलायला लागले. बाई म्हणाल्या, हे तुम्ही आत्ता ओळखलंत? म्हटलं, आत्ता, या खुर्चीत. एवढी मी हुशार. रडू मात्र आलं नाही. बाई म्हणाल्या, त्याची घाई नाही.

जाता जाता मी कबूल केलं की मी त्यांना फसवून नवऱ्याचं काम करून घेत होते. त्या म्हणाल्या, हो का, मला कळलंच नाही. पण तोंडावर बारीक हसू होतं. कोणी कोणाला गुंडाळलं अशी एक शंका आली, पण तिच्यात खोल शिरत नाही.

संध्याकाळी मशीनपाशीच बसले होते. नवरा आल्यावर त्यांना समोर बसवलं आणि म्हटलं, 'अहो, मला सासूबाई आवडत नव्हत्या. आणि त्यांच्याशिवाय मला करमत नाही. दोन्ही खरं आहे, त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी कपाट उघडून दिलंय. पण तुम्ही गेलात तर मला फार वाईट वाटेल, आणि ते माझं मला वाटेल, त्यांच्या वतीने नाही.'

ते हातपाय धुवायला गेले. पण जेवताना दोनदा माझ्याकडे बघून घेतलं, बसमध्ये ओळखीचं माणूस वाटावं आणि खात्री नसावी तसं.

३० तारीख, सोमवार

पाचपर्यंत मुदत होती. दिवसभर काम केलं. मुख्याध्यापिकेच्या शर्टाचा खांदा जमला. चारला वाटलं ऑफिसात फोन करावा, केला नाही. पाच वाजले. सव्वापाचला मी कपडे वाळत घातले, काढले आणि परत घातले. ते सहाला आले. मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. स्वयंपाकघरात जाऊन भाजी फोडणीला टाकली आणि पाठमोरीच उभी राहिले.

ते दारात उभे राहून म्हणाले, 'नाही म्हणून कळवलं.'

मी 'बरं' म्हटलं. मग झारा खाली ठेवायला गेले आणि तो हातातून सुटला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मला रडू फुटलं. आधी वाटलं आनंदाने येतंय. मग कळलं की हे दुसरंच आहे, सात महिन्यांचं, सासूबाईंसाठीचं. त्यांचं नाव घेत रडले. आवाज असा लागला की शेजारचा रेडिओ परत बंद झाला.

नवरा घाबरला. पाणी आणलं, ते सांडलं, पुसायला टॉवेल आणला. ऐकणाऱ्या बाईंना फोन लावू का म्हणाला. मी मानेनेच नको म्हटलं. मग तोही माझ्याशेजारी जमिनीवर बसला, पाठ ओट्याखालच्या कपाटाला टेकवून, आणि म्हणाला, 'आई असती तर काय म्हणाली असती गं आत्ता?'

मला नाक ओढायलाही सवड नव्हती, तरी ते आलंच. या वेळी मुद्दाम आणलं, त्यांच्या आवाजात, त्यांच्या नावाने.

'रडायचं तर रड, पण आधी गॅस बंद कर.'

ते हसायला लागले. भाजीचा करपल्याचा वास येत होता. मी उठले, गॅस बंद केला. मग परत येऊन बसले आणि राहिलेलं रडले.